ड्रिलला थंडी वाजते का हो काका?

मागच्या वेळी ग्राइंडरच्या कार्बन ब्रशवर लिहिलं होतं, म्हटलं आता त्याच्यावर प्रश्न येतील, पण आले ते सगळे बॅटरीचे. डिसेंबर लागला की दरवर्षी हेच होतं. दुकानात पण तसंच, दिवाळीपर्यंत लोक आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळालेली मशीनं घेऊन येतात आणि नाताळच्या आसपास "बॅटरी बसली हो" म्हणत येतात, त्यातल्या निम्म्या बॅटऱ्या मी काउंटरवर तासभर तशाच ठेवतो आणि परत देतो, पैसे घेत नाही, गिऱ्हाइकाला वाटतं मी काहीतरी केलं. तर यावेळी सगळे गारठ्याचेच प्रश्न घेतलेत. सगळ्यांना आधी एकच सांगून ठेवतो, थंडीत बॅटरी वापरली तर ती रुसते, थंडीत चार्ज केली तर मरते. बाकीचं सगळं याच्याच आजूबाजूला आहे.

काका, मी कोल्हापूरचा, सध्या कॅल्गरीत असतो. गॅरेज घरापासून सुटं आहे, हीटिंग नाही. बाहेर उणे १८ होतं त्या दिवशी कुंपणाच्या फळ्या लावायला घेतल्या. १८ व्होल्टचं ड्रिल, बॅटरी रात्रभर गॅरेजमधेच होती, चारपैकी तीन दिवे दाखवत होती, आणि पाच-सहा स्क्रूत बंद! चार्जरला लावली तर दिवा नुसता लुकलुकतो, चार्ज काही होत नाही. घरात आणून दीड-दोन तासांनी बघितली तर परत तीन दिवे. बॅटरी गेली का चार्जर? वॉरंटी अजून आहे.

दोन्ही ठणठणीत आहेत दादा, वॉरंटीचा कागद परत ड्रॉवरमधे ठेव. उलट चार्जर शहाणा आहे, त्याला धन्यवाद दे, का ते सांगतो.

तुझ्या पॅकमधे ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेत, म्हणून १८ व्होल्ट. सेलच्या आत एक द्रव असतो आणि लिथियमचे कण त्यातून इकडून तिकडे जातात तेव्हा करंट मिळतो. आता तू कोल्हापूरचा म्हणजे काकवी काय ते सांगायला नको, गुऱ्हाळावर गरम काकवी कशी पाण्यासारखी धावते आणि तीच जानेवारीत सकाळी बरणीतून काढायला गेलं की चमचा उभा राहतो. तसंच होतं. द्रव घट्ट होतो, गोठत नाही, पण कणांना पळता येत नाही. म्हणजे बॅटरीतला माल कुठे गेलेला नसतो, तो बाहेर यायला वेळ लागतो, आणि ड्रिलला तर आत्ताच्या आत्ता पाहिजे असतं.

हिशोब करून बघ, आकडे समजण्यापुरते घेतोय. समजा घरातल्या तापमानाला पॅकचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतच होणारा अडथळा, ०.१ ओहम आहे आणि जाड स्क्रू घुसवताना ड्रिल २० अँपिअर ओढतंय, तर २ व्होल्ट आतच खर्च होतात, ड्रिलला १६ मिळतात, काम होतं. आता थंडीने तोच रोध तिप्पट झाला असं धर, मग ६ व्होल्ट आतच गेले, उरले १२, म्हणजे एका सेलला २.४, आणि सेल अडीचच्या आसपास आला की आतलं सर्किट म्हणतं बॅटरी संपली आणि कटऑफ मारतं. बॅटरी संपलेली नसतेच! ट्रिगर सोडला की व्होल्टेज परत वर, दिवे परत तीन. म्हणून ते दिवे थंडीत बघूच नको, कारण ते लोड नसताना दाखवतात.

आता उपाय. बॅटरी गॅरेजमधे झोपवायची नाही, ड्रिल राहू दे तिथे, बॅटरी घरात. दोन पॅक असतील तर एक ड्रिलवर आणि एक जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगालगत, दमली की अदलाबदल. त्या खिशात किल्ल्या किंवा नाणी अजिबात नकोत, पॅकच्या पट्ट्यांना धातू लागला की शॉर्ट होतो आणि ते जॅकेटच्या आत व्हायला नको. जास्त वेळ काम असेल तर पिकनिकचा थर्माकोलचा डबा असतो ना, बियर गार ठेवायचा, तोच उलटा वापर, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला आणि बॅटऱ्या दुसऱ्या बाजूला, चिकटवून नाही. तिकडचे सुतार हेच करतात, मी मुलीकडे अमेरिकेत मिनेसोटात गेलो होतो तेव्हा बघितलंय.

मोठा पॅक घेतलास तर फरक जाणवेल. २ अँपिअर-अवरच्या (पॅकमधे किती माल मावतो त्याचं हे माप) पॅकमधे पाचच सेल असतात, ४ किंवा ५ वाल्यात बहुतेक दहा असतात, पाचाच्या दोन रांगा, म्हणजे लोड दोघांत वाटला जातो आणि प्रत्येक सेलवर निम्माच ताण येतो. उन्हाळ्यात मी लोकांना सांगतो वजन कशाला उचलता, छोटा पॅक घ्या, पण कॅल्गरीच्या जानेवारीत मोठाच. आणि स्क्रूला आधी बारीक बिटाने भोक पाडून घे, गिअर एक नंबरवर ठेव, करंट कमी लागतो. पहिली दोन-चार मिनिटं हलकं काम दे, तो वाढलेला रोधच बॅटरीला आतून गरम करतो, मग ती थोडी सैल पडते. आपण सकाळी आंघोळीआधी दोन बैठका मारतो त्यातला प्रकार.

आता चार्जरचं. हे नीट वाच बाकीच्यांनी पण. चार्ज करताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांमधे शिरतात. गरमीत सटासट शिरतात. शून्याच्या खाली गेलं की शिरायला वेळ लागतो आणि मागून करंट तर ढकलतोच आहे, दादरला लोकलच्या दारात होतं तसं होतं, आत डब्यात जागा आहे पण दारातच सगळे अडकलेत. मग ते कण आत न जाता ग्राफाइटच्या वरच धातू म्हणून साचतात. साचलेलं बरंचसं परत कामाला येत नाही. क्षमता कायमची कमी, आणि फार झालं तर त्या धातूच्या सुया वाढून आतला पडदा फाडतात आणि आतल्या आत शॉर्ट. म्हणून पॅकमधे तापमान बघणारा बारकासा थर्मिस्टर असतो, चार्जर आधी त्याला विचारतो आणि थंड असेल तर थांबतो, ते लुकलुकणं म्हणजे "थांब, गरम होऊ दे". मकिता आपल्या पुस्तिकेत १० ते ४० अंशांतच चार्ज करा म्हणतं, डिवॉल्ट ४.५ ते ४० म्हणतं. तुझी पुस्तिका काय म्हणते ते बघ, पण खोलीत १८-२० अंशांत चार्ज केलंस तर कुठल्याच कंपनीची तक्रार नाही.

आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, माझ्या हातून घडलंय. त्याच मिनेसोटाच्या ट्रिपला जावयाच्या गॅरेजमधे रॅक करत होतो, त्याचा मूळ चार्जर सापडेना म्हणून ऑनलाइन बिननावाचा स्वस्तातला मागवला. तो आला, लावला, हिरवा दिवा, मी खूश. हा पठ्ठ्या कधी लुकलुकायचाच नाही, उणे दहाची बॅटरी लावली तरी मुकाट घ्यायचा. आठवडाभर रोज दोनदा चार्ज केली. निघायच्या आदल्या दिवशी त्याच बॅटरीवर त्याच लाकडात निम्मेपण स्क्रू जाईनात, आणि तेव्हा ती घरात होती, गरम होती. मग चष्मा लावून चार्जरच्या खाचेत बघितलं, दोनच पत्र्या, प्लस आणि मायनस. तापमानाची तिसरी पत्रीच नव्हती. पन्नाशी उलटलेला दुरुस्तीवाला मी आणि मला आठवडाभर दिसलं नाही. जावई काही बोलला नाही, पण पुढच्या वर्षी मी बॅटरी घेऊन गेलो.

अजून एक, तुमच्याकडे तो चिनूक वारा सुटतो आणि दोन-चार तासांत उणे पंधराचं अधिक पाच होतं म्हणतात. अशा दिवशी फसू नकोस, हवा गरम झाली तरी पॅकच्या आतले सेल अजून थंडच असतात, प्लॅस्टिकच्या खोक्यात बसलेत ते. हाताला गरम लागलं म्हणजे आतून गरम असं नाही, खोलीत दोन तास धर. बॅटरीवरचा स्नो ब्लोअर, बर्फ बाजूला उडवायचं मशीन, असेल तर त्यालाही हेच, बाहेर पडायच्या वेळी बॅटरी बसवायची आणि आत येताना काढून आणायची.

नमस्कार सर. निफाड तालुका, द्राक्ष आणि थोडा भाजीपाला. पाठीवरचा बॅटरी पंप आहे, १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी. दिवाळीआधी एका चार्जिंगवर दहा-बारा टाक्या व्हायच्या, आता सकाळी पाच टाक्या पण होत नाहीत. गावात म्हणतात थंडीने बॅटरी बसते, लिथियम टाका. टाकू का?

तुमच्याकडची थंडी म्हणजे चेष्टा नाही मला माहितीये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर आला की इकडे पुण्यात पेपरमधे निफाडची बातमी असते आणि बागेत शेकोट्या पेटवलेला फोटो. पण भाऊ, पाच-सहा अंशांत दहा टाक्यांच्या पाच होत नाहीत. ही जुनी शिशाची बॅटरी आहे, ॲसिडवाली, तिची क्षमता पार शून्य अंशाला गेली तरी साधारण पाचवा हिस्सा कमी होते. दहाच्या आठ झाल्या असत्या तर मी म्हटलं असतं थंडी. पाच म्हणजे बॅटरी आधीच आजारी होती, थंडीने ते उघडं पाडलं.

माझा अंदाज सांगतो, बरोबर निघाला तर कळवा. मधे पाऊस झाला, फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनी झाली, पाठीवरचा पंप पंधरा-वीस दिवस अर्धवट उतरलेला तसाच शेडमधे पडून होता. असंच ना? शिशाच्या बॅटरीला हेच सोसत नाही. उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तेवढी प्लेट कामातून जाते. लिथियमच्या अगदी उलट आहे हे, लिथियम अर्धी भरून ठेवायची आणि शिशाची फुल्ल भरून ठेवायची, दोन्हींची गल्लत करून लोक दोन्ही घालवतात.

मल्टिमीटर आणा कुणाचा तरी, वायरमनकडे असतोच. रात्री चार्ज करा, चार्जर काढा, दोन-तीन तास तशीच राहू द्या, मग मोजा. १२.७ च्या आसपास असेल तर बरं, १२.४ च्या खाली असेल तर फुल्ल चार्ज होऊनही भरत नाहीये. मग पंप चालू करून, नोझल उघडं ठेवून मोजा, लगेच ११ च्या खाली घसरत असेल तर तिची रवानगी भंगारात, म्हणजे दुकानदाराकडे, नवीन घेताना जुनीचे पैसे कापून देतात. त्याआधी एक फुकटचं काम करा, टाकीतली गाळणी आणि नोझलची गाळणी काढून धुवा. गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, खाली गाळ बसतो, पाणी हळू येतं, एका टाकीला जास्त वेळ मोटर चालते आणि आपण शिव्या बॅटरीला देतो. पावडर आधी बादलीत थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या.

लिथियमचं म्हणाल तर वजनाला हलकी, पाठीला आराम, मला आवडते. पण जुना चार्जर तिला लावायचा नाही, हे दुकानदार सांगतोच असं नाही. तिचा वेगळा चार्जर येतो, तोच. आणि निफाडला पहाटे पाचला शेडमधे चार्ज करण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी घरात, पंप वापरून आल्यावर तासाभराने करून ठेवा. शेकोटीजवळ बॅटरी ठेवून "ऊब देणारे" पण बघितलेत मी, पंपाच्या टाकीला भोक पडलं होतं एकाच्या.

ताई म्हणून लिहिते, दादा, तुम्ही बायकांच्या प्रश्नांना पण उत्तर देता ना? स्टुटगार्टला राहते. ड्रिल आणि जिगसॉ गाडीच्या डिकीत होते रात्रभर, बाहेर उणे आठ. सकाळी घरात आणले तर पाच मिनिटांत दोन्हींवर पाण्याचे थेंब, चकवर, ब्लेडवर, बॅटरीच्या पट्ट्यांवर पण. पुसून लगेच वापरले, चालले. पण नंतर चकवर गंजाचे ठिपके आले. काय चुकलं?

देतो ना ताई, आणि दुकानात सध्या सगळ्यात नीट मशीन वापरणाऱ्या गिऱ्हाईक दोन बायकाच आहेत, एक फर्निचर करते आणि एक बोन्साय.

फ्रीजमधून ताकाचा तांब्या काढून ओट्यावर ठेवला की बाहेरून घाम येतो, तेच झालं. घरातल्या हवेतली वाफ थंड लोखंडावर येऊन पाणी झाली. बाहेरून पुसलंत, पण ती हवा मशीनच्या आतही जाते, मोटरसाठी जाळ्या असतात ना, आत बेअरिंगवर, स्विचवर, सर्किटवर पण तेवढेच थेंब बसलेत आणि तिथे फडकं पोचत नाही. यावेळी चाललं, नशीब.

करायचं एवढंच, डिकीतून काढतानाच, बाहेरच्या हवेत, पेटी बंद करून घ्यायची किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. मग घरात आणायचं आणि उघडायचंच नाही, दोन-तीन तास. पाणी पिशवीच्या बाहेरून सुटेल, मशीन आत कोरडं. बॅटरी डिकीपाशीच मशीनमधून काढून, तशीच पिशवीत बांधून वेगळी आत आणायची, मशीन पूर्ण खोलीच्या तापमानाला आलं की मगच लावायची आणि चार्ज पण तेव्हाच. उघडायची घाई फार होते, मला माहितीये, मुलं लगेच विचारतात झालं का झालं का. चकवरचे ठिपके बारीक स्टील वूल आणि थेंबभर मशीन ऑइलने जातील, जास्त तेल नको, लाकडावर डाग पडतात.

आणि गंमत म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथेच, स्टुटगार्टमधे, फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरायचं पहिलं इलेक्ट्रिक ड्रिल केलं. वायरवालं अर्थात. त्याला थंडीचं काही वाटत नव्हतं.

राम राम. साताऱ्याचा आहे, लेहला सोलर वॉटर हीटर बसवायच्या कामावर आलोय. सकाळी हॅमर मशीन फिरतं पण ठोका मारत नाही, भिंतीत जातच नाही. दुपारी बरोबर चालतं. दुसरं, दिल्लीवरून परत येताना बॅटऱ्या विमानात घेऊ देतील का? येताना एकाने अडवलं, एकाने सोडलं.

यात बॅटरीचा दोष नाही, ग्रीसचा आहे. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आई उन्हात ठेवायची, आठवतं का? हॅमरच्या आत पिस्टन असतो, तो पुढे-मागे होऊन मधल्या हवेच्या दाबाने पुढच्या स्ट्रायकरला हाणतो, आणि ते सगळं ग्रीसमधे असतं, रबराच्या रिंगा पण असतात. लेहच्या पहाटे ग्रीस घट्ट, रिंगा कडक, स्ट्रायकर जागचा हलत नाही. मोटर बिट फिरवते, ठोका नाही. मकिताच्या हॅमरच्या पुस्तिकेत तर सरळ लिहिलंय की थंडीत आधी लोड न देता थोडा वेळ चालवा, नाहीतर ठोका नीट बसणार नाही. तर सकाळी मशीन हातात मोकळं धरून हळू स्पीडने दोन-तीन मिनिटं फिरवा, मग बिट भिंतीला हलकं टेकवा, ठोका सुरू झाला की मगच जोर. जोरात दाबून ठोका येत नसतो, दाबून फक्त गिअर जातो. तरी नाही आला तर मशीन रात्री खोलीत घ्या. कुणी सांगेल ग्रीसमधे डिझेल घाला पातळ होतं, घालू नका, रबराच्या रिंगा फुगतात, असं एक मशीन माझ्याकडे महिनाभर पडून होतं.

खोलीत घ्या म्हटलं पण बुखारीपासून, म्हणजे खोली गरम करायच्या पत्र्याच्या शेगडीपासून, लांब. तिकडे बुखारी पेटली की सगळे सगळं तिच्याभोवती मांडतात, मोजे, बूट, बॅटऱ्या. बॅटरी भिंतीकडच्या बाजूला, अंथरुणाजवळ, पुरते तेवढी ऊब. उणे दहावरून एकदम पत्र्याच्या शेगडीला टेकवली तर वरचं प्लॅस्टिक आणि कडेचे सेल भाजतात आणि मधले थंडच राहतात, आणि तापमान बघणारा थर्मिस्टर एकाच कुठल्यातरी सेलला चिकटलेला असतो, तो काय सांगेल ते त्याचं त्याला माहीत.

विमानाचं, नियम असा आहे की सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, केबिनमधे आपल्याजवळच ठेवायची, आणि मशीन उलट, ते केबिनमधे चालत नाही, चेक-इनला टाकायचं, बॅटरी काढून. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले असतात, १०० पर्यंत चालतं, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि माणशी दोनच, त्याच्यावर प्रवासी विमानात नाहीच. नसेल छापलेलं तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, १८ ला ५ ने गुणलं की ९०, चाललं. १८ ला ६ ने गुणलं की १०८, परवानगी. इथे एक मजा आहे, काही कंपन्या त्याच १८ व्होल्टच्या पॅकला २० व्होल्ट मॅक्स म्हणतात, फुल्ल चार्ज केल्या केल्या असतं तेवढं व्होल्टेज, म्हणून त्यांच्या ५ वाल्यावर १०० छापलेलं असतं. आत सेल तेच. पण सिक्युरिटीवाला छापलेलं बघणार, सेल मोजणार नाही, त्यामुळे तुम्हाला एकाने अडवलं आणि एकाने सोडलं त्याचं कारण बहुतेक हेच किंवा पट्ट्या उघड्या होत्या हे. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा किंवा कंपनीचं पिवळं-काळं झाकण, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, आणि एअरलाइनला आदल्या दिवशी फोन करून ठेवा, लेहवरून निघताना तपासणी कडक असते.

नागपूर. वडिलांचं १४.४ व्होल्टचं जुनं ड्रिल आहे, बॅटरीवर निकेल कॅडमियम लिहिलंय. थंडीत चालेल का, का फेकू?

चालेल. थंडीच्या बाबतीत हे म्हातारं लिथियमपेक्षा काटक आहे. आत १.२ व्होल्टचे बारा सेल आहेत. याचा त्रास वेगळा, नुसतं पडून उतरतं, म्हणून काम करायच्या आदल्या रात्री चार्ज करा, महिनाभर आधी नको. दर वेळी अर्धवट वापरून चार्ज करू नका, दमेपर्यंत वापरा, पण ट्रिगर धरून पार थांबेपर्यंत पिळू नका, नाहीतर एखादा सेल उलटा चार्ज होतो. बॅटरी गेलीच तर कचऱ्याच्या डब्यात नको, कॅडमियम विषारी असतं, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बनवणाऱ्यांनी त्या परत गोळा करायच्या आहेत. ड्रिल फेकू नका, वडिलांचं आहे.

पुणे, कोथरूड. काका, आमचे बाबा ड्रिलची बॅटरी फ्रीजमधे ठेवतात, मेथीच्या जुडीशेजारी. म्हणे थंड ठेवली की टिकते. आई वैतागलीये. कोण बरोबर?

बाबांचं तत्त्व बरोबर, जागा चुकली. आईला जिंकवायचंय की बाबांना ते तुम्ही ठरवा, मी फक्त बॅटरीचं सांगतो.

वापरात नसलेली लिथियम बॅटरी थंड जागी हळू म्हातारी होते हे खरं. पण भाजीच्या कप्प्यात ओल असते, काढली की घाम येतो, वर ताईंना सांगितलं तसं, आणि पट्ट्यांना गंज. आणि बाबा एक दिवस ती फ्रीजमधून काढून थेट चार्जरला लावणार, चार-पाच अंशांची, आणि चार्जर मी मिनेसोटात मागवला होता तसला, तापमान न बघणारा असेल तर बॅटरीचं नुकसानच. कपाटात खालच्या खणात, भिंत बाहेरची नसेल अशा बाजूला ठेवायला सांगा, दोन-तीन दिवे राहिलेली, म्हणजे साधारण अर्धी भरलेली. फुल्ल भरून महिनोन्महिने ठेवायची नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा बघायचं, एक दिवा झाला असेल तर थोडी भरायची.

खरं सांगू का, पुण्यात थंडीने गेलेली बॅटरी मी इतक्या वर्षांत दुकानात एक पण बघितली नाही. माझ्याकडे येतात त्या सगळ्या मे महिन्यात गेलेल्या असतात. पत्र्याच्या शेडखाली माळ्यावर फुल्ल चार्ज करून ठेवलेल्या, स्कूटरच्या डिकीत, टेम्पोच्या डॅशबोर्डवर काचेच्या मागे. साइटवरून आलेली तापलेली बॅटरी तशीच चार्जरला, चार्जर थांबतो तर वर पंखा लावून जबरदस्ती. तेव्हा कुणी विचारत नाही काका बॅटरीला ऊन लागतं का. डिसेंबरात मात्र सगळ्यांना तिची काळजी, स्वेटर घालायचा बाकी. बाबांना सांगा फ्रीजची आठवण एप्रिलमधे काढा, आणि तेव्हा पण फ्रीज नको, पलंगाखाली फरशीवर ठेवा, तिथे घरातलं सगळ्यात गार असतं, आमचं मांजर पण तिथेच झोपतं.